पॉइंट तेवीसचे सर्वो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगायला लागले की मधे कोणी खिदळलेलं मला चालत नाही. चहा ओतून घ्या. फजिती माझी आहे, माझ्याच हातानं केलेली आहे, आणि अशी नामी आहे की दुसऱ्या कोणाच्या माथी मारताही येत नाही. मारून पाहिली. ते पुढे येईलच.

मी घाटंजीची शेवंताबाई. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण बिघडलेल्या वस्तू उघडून. मालक गेल्यावर त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान मी चालवलं. पंप, पंखे, कूलर, मिक्सर. तार कोणती, फेरे किती, हे मला कोण्या इंजिनिअरनं शिकवलं नाही. उलट शिकवायला आलेल्या दोघांना मी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलंय! तर अशा बाईला एकाहत्तराव्या वर्षी नाद लागला विमानाचा.

हसलात ना? सांगितलं होतं की नाही?

बसायचं विमान नव्हे हो. रिमोटवर उडणारं, पंख पसरले की माझ्या कवेत मावेल एवढं. हवेत कोलांट्या घेतं, उलटं उडतं, गिरक्या मारतं. गावाबाहेरच्या पडीक रानात रविवारी सकाळी आम्ही आठ जण जमतो. सात पुरुष आणि मी. त्या सातांत मोजावा असा माणूस एकच, ढोले सर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बोलणं मऊ, पण हात असा की विमान जणू बोटाला दोरीनं बांधलंय! मला त्यांचा राग नव्हता. ते माझ्यापेक्षा चांगलं उडवतात असं कोणी म्हटलेलं फक्त खपत नव्हतं.

यंदा यवतमाळला मेळावा ठरला. गावोगावचे लोक येणार, पार नागपूरचेही. आणि नियम असा, की कसरतीचं विमान प्रत्येक गावाकडून एकानंच उडवायचं. मग घाटंजीकडून कोण? सर की मी?

ठरलं. येत्या रविवारी दोघांनी आपापलं नवं विमान उडवायचं. एक लूप, म्हणजे हवेत उभी कोलांटी. एक रोल, म्हणजे सरळ जाता जाता स्वतःभोवती गिरकी. आणि मग सरळ उतरवायचं. बाकीच्या सहांनी हात वर करून सांगायचं कोण बरं ते. यवतमाळला चार तालुक्यांच्या देखत रिमोट हातात घेऊन उभं राहायचं! तुम्हाला सांगते, मी तर त्या दिवशी नेसायचं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं.

आता सर्वो म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढची मजा जाईल. विमानाच्या पंखांना आणि शेपटीला हलत्या पट्ट्या असतात. पट्टी हलली की विमान वळतं. ती पट्टी हलवते एक काडेपेटीएवढी डबी, आत इवलीशी मोटार आणि दातेरी चक्रं. तो सर्वो. तुम्ही रिमोटची दांडी सरकवली की सर्वो फिरतो. एका विमानात असे चार. हे चार जर चुकीचे निवडले, तर कोलांटी विसरा आणि घरी जा.

माझे चार सुनेनं मागवले, वंदनानं. ती मला आत्याबाई म्हणते. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून तिनं निवड केली. पाकिटावर दोन आकडे होते. एक ताकदीचा, किलोमध्ये. दुसरा वेगाचा, पॉइंट शून्य सात.

मंगळवारी मी सहज म्हणून सरांकडे गेले. सहज कसली, टेहळणीलाच गेले! त्यांच्या टेबलावर त्यांचे चार सर्वो पडले होते. पाकीट उचललं. ताकद माझ्याएवढीच. वेग पॉइंट तेवीस!

आमच्या धंद्यात आकडा मोठा की मोटार जोरात. मिनिटाला चौदाशे फेऱ्यांची हळू, अठ्ठावीसशेची जोरात. शेंबडं पोरही सांगेल. पॉइंट तेवीस म्हणजे माझ्या तिपटीहून जास्त! आकड्यापुढं मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी अक्षरं होती खरी, पण मी आकडा पाहते, अक्षरांच्या नादी लागत नाही. वंदनावर असा जीव जळला! पण म्हटलं जाऊ दे, लेकरू आहे, व्हिडिओवाल्यांनी फसवलं असेल.

आणि सर तोंड पाडून बसलेले!

"काय झालं सर?"

"पार्सल चुकीचं आलं हो शेवंताबाई. मागवलं एक, आलं दुसरंच. रविवारच्या आत बदलूनही मिळत नाही."

मी मनात म्हटलं, अरे वा! म्हाताऱ्याला नाटकंही येतात! घबाड लागलं आणि तोंड असं, जशी काय घरात गमी झाली!

आता काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी माझ्या डोक्यात सैतान शिरला. मी आवाजात अशी काही माया आणली की माझी मलाच ओळख पटेना.

"सर, मन कायले छोटं करता? माझे घ्या ना. तुमचे मले द्या. अदलाबदल करू."

सरांनी विचारलं, "तुमचे कोणते आहेत?"

"पॉइंट शून्य सात."

"काय सांगता! अहो, ते तर... शेवंताबाई, तुम्हाला नुकसान होईल. तो आकडा म्हणजे..."

"आकडे मले नका शिकवू सर! हयात गेली आकड्यात."

"तसं नाही हो. हे पाहा, शेजारी लिहिलंय ना, ते..."

"शेजारचं मी पाह्यलं आहे!" (पाहिलं होतं. वाचलं नव्हतं.)

सर बिचारे उठून उभे राहिले. "बाई, माझ्या मनाला पटत नाही. एकदा ऐकून तर घ्या, वेग जो असतो..."

"सर!" मी असा आवाज चढवला की सरांच्या मांजरानं खिडकीतून उडी मारली. "मी एवढ्या मनानं देऊन राह्यली आणि तुम्ही नाही म्हणता? माझे सर्वो तुमच्या विमानाले विटाळ करतात का? आता एक अक्षर बोललात तर जन्मात तुमच्याशी बोलणार नाही."

सर खाली बसले. दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हो! मला वाटलं, हातचं घबाड गेल्याचं.

घरी येऊन मी पॉइंट तेवीस विमानात बसवले. वंदनाला काही बोलले नाही. कशाला तिचा अपमान करायचा? एवढं मोठं माझं मन. दांडी सरकवून पाहिली. सर्वो वळला. पण कसा? जसा काय गादीवर लोळत पडलेला पाहुणा कूस बदलतो, तसा.

वंदना दारात उभी. "आत्याबाई, हे काहून असे फिरून राह्यले? म्या मागवले ते असे वाटत नाहीत."

"तू व्हिडिओ पाह्यले, मी मोटारी उघडल्या. दमदार मोटार सुरुवातीले जडच वाटते. लोड येऊ दे मंग पाह्य."

"विमानाले कायचा लोड? विहिरीतून पाणी थोडीच काढाचं आहे?"

"तू चहा मांड!"

रविवार उजाडला. वंदनाही पाहायला रानात आली. आधी सरांची पाळी. विमान वर गेलं, लूप घेतला, जसा काय कंपासनं काढला. रोल मारला, एकदम टपदिशी, सुरू झाला कुठं आणि थांबला कुठं ते रेघेनं दाखवावं. उतरलं तर धूळसुद्धा उडाली नाही. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. मनात म्हटलं, पॉइंट शून्य सातवर हे असं, तर माझ्या पॉइंट तेवीसवर आज आभाळ फाटेल!

माझं विमान वर गेलं. वर जाईपर्यंत ठीक होतं. मग मी दांडी डावीकडे केली.

विमानानं विचार केला.

लग्नात नवरदेवाच्या मामाला जेवायला हाक मारा. मामा आधी मान वर करतो, मग पान थुंकतो, मग धोतर सावरतो, मग उठतो. तसं! मी म्हटलं वळ. ते म्हणालं, पाहतो. वळेना म्हणून मी दांडी आणखी दाबली. तेवढ्यात त्याला आधीचं सांगणं पोचलं, ते वळलं, आणि वळतच राहिलं. मी उजवीकडे ओढलं. ते अजून डावीकडेच! मग एकदम उजवीकडे. मी इकडे, तर ते तिकडे. खाली मी नाचते, वर ते झिंगतंय!

"आत्याबाई, सोडा लूप! उतरवा!" वंदना ओरडली.

लूप सोडायला मी काय शेवंताबाई नव्हे? ओढली दांडी. विमान उभं चढलं, वर जाऊन पाठीवर झालं, आणि खाली येताना मी सरळ हो म्हटलं तेव्हा ते पुन्हा विचारात पडलं. रानाच्या कडेला पऱ्हाटीचा ढीग रचलेला होता, कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या वाळक्या झाडांचा. विमान त्यात असं शिरलं, जसं काय घुशीला बीळ सापडलं! नाकावरचा पंखा तुटला. बाकी सगळं शाबूत. माझी अब्रू सोडून.

आणि मग मी जे केलं ते ऐका. सरळ सरांकडे गेले, सहा माणसांच्या देखत बोट रोखलं.

"ठकवलं तुम्ही मले! सडके सर्वो गळ्यात मारले! शिकलेला माणूस असं करते?"

वंदना मधे आली. "कायचे सर्वो? सरांचा काय संबंध?" मग तीच माझ्या हत्यारांच्या पेटीशी गेली, रिकामं पाकीट काढलं, डोळ्यांजवळ धरलं.

"पॉइंट तेवीस? आत्याबाई, म्या पॉइंट शून्य सात मागवलते!"

"ते माझ्या विमानात आहेत," सर हळूच म्हणाले.

वंदनानं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि ती मुंगीच्या पायाची अक्षरं मोठ्यानं वाचली. "सेकंद, आत्याबाई! साठ अंश फिराले लागणारे सेकंद. आकडा जेवढा मोठा, तेवढा उशीर!"

आता तुम्हीच सांगा, एकाच पाकिटावर किलोचा आकडा मोठा तर चांगला, आणि शेजारचा मोठा तर वाईट! हा काय माणसानं माणसाशी वागायचा न्याय झाला?

"मग सांगितलं काहून नाही?" मी सरांवर कडाडले.

"सांगायला लागलो होतो, शेवंताबाई," सर म्हणाले. "तीनदा."

सहाच्या सहा जणांनी माना खाली घातल्या. त्यांचे खांदे हलत होते. वंदनानं तर पदर तोंडात कोंबला.

सर मात्र भले. म्हणाले, "तुमचे परत घ्या. पुढल्या रविवारी पुन्हा उडवू. हे काही खरं नाही झालं."

माझ्या जिभेवर हो आलं होतं. खोटं कशाला बोलू? लुगडं डोळ्यांपुढं आलं. पण मीच दिले होते, मीच दम देऊन दिले होते. आणि पॉइंट शून्य सातवर मी उडवलं असतं तरी तो रोल माझ्या हातून तसा टपदिशी झाला नसता, हे मला त्या पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभं राहून कळलं होतं. शेवंताबाई दिलेली वस्तू परत घेत नाही. मी हात वर केला. सरांच्या बाजूनं पहिला हात माझा.

यवतमाळला सरांनी उडवलं, आणि काय उडवलं! नागपूरवाले खुर्चीवर चढून पाहत होते. काढून ठेवलेलं लुगडं मी नेसलेच, त्याला कोणाची परवानगी लागते? पुढच्या रांगेत बसले. विमान उतरल्यावर सरांनी माइक मागितला.

"हे विमान असं वळलं, त्याचं श्रेय माझं नाही. आमच्या शेवंताबाईंचा माझ्याशीच सामना होता. तरी त्यांनी स्वतःचे सर्वो मला दिले. मी नको नको म्हणत होतो."

एकही शब्द खोटा नव्हता हो! सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. वंदना कानात म्हणाली, "उठा, त्यागमूर्ती!"

मी उठले. चारी दिशांना नमस्कार केला. का करू नये?

खाली बसते न बसते तोच नागपूरची एक बाई धावत आली. डोळे भरलेले. "मावशी, सामन्याच्या आधी आपली चांगली वस्तू समोरच्याला द्यायची! कसं जमलं हो तुम्हाला?"

"सोपं आहे," मी म्हटलं. "समोरचा खरं सांगाले लागला, की त्याले बोलूच द्यायचं नाही."

ती माझ्या पाया पडली.