कंट्रोल धरून ठेवा

आमच्या वाचनालयात नवी पुस्तकं वर्षातून एकदा येतात, किस्से मात्र रोज! मोहाडी तालुक्यातल्या गावात ग्रंथपालाने दुसरं करायचं तरी काय? त्यात माझ्या भाच्याने एक म्हातारा कॉम्प्युटर आणून बसवला. त्याला माउस नाही, चित्रं नाहीत. नुसती काळी खिडकी. लिहिणं, सेव्ह करणं, खोडणं, शोधणं, सगळं कीबोर्डवर.

*

पहिल्या आल्या तुळसाबाई. घर मासेमारीचं, शिक्षण सातवी.

"मॅडम, मले टायपिंग शिकवा. लवकर!"

"एवढी घाई?"

"आमच्या मालकाची याददाश जाऊन राहिली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगतलं, आता वापस येत नाही. कोणत्या तलावात कोणती मासोळी, कवा अंडे देते, सारं त्यायच्याच डोक्यात हाय. थे जायच्या आंधी उतरवून घ्याचं हाय."

"मग वहीत लिहा की."

"माहं अक्षर मलेच वाचता येत नाही जी!"

मी तशी तापट. पण या बाईंवर आवाज चढवायचा नाही, असं मनाशी ठरवलं.

*

ते दोन दिवस टिकलं!

खिडकीच्या तळाशी आज्ञा लिहिलेल्या असतात. सेव्ह करायचं तर टोपीसारखं एक चिन्ह आणि पुढे इंग्रजी ओ. टोपी म्हणजे कंट्रोलचं बटण, हे सांगायला मी विसरले. "खाली लिहिलंय तसं करा," म्हणून पेपर वाचत बसले.

बाईंनी कीबोर्डवर ती टोपी शोधून काढली आणि इमानदारीत टाइप केली. टोपी, ओ. टोपी, ओ. पानभर!

"मॅडम, कितीक खेपा सांगतलं याले, ठेवूनच नाही राहिला!"

चूक माझी, ओरडले मात्र त्यांच्यावर. नंतर लाज वाटली, म्हणून चहा पाजला.

*

निवृत्त वासुदेव गुरुजी भाषण लिहायला यायचे. एकदा चुकून कंट्रोल आणि के दाबत गेले, अन् एकेक ओळ करत अख्खा परिच्छेद गायब. गुरुजी घामाघूम! मी म्हटलं, "कंट्रोल आणि यू दाबा." परिच्छेद परत हजर. गुरुजी इतके खूश झाले, की दाबतच राहिले.

भाच्याने ते तसंच छापून दिलं. शाळेच्या कार्यक्रमात गुरुजींनी तोच परिच्छेद चार वेळा वाचला. कुणाच्याच लक्षात आलं नाही. टाळ्या मात्र चारही वेळा पडल्या!

*

पुढे तुळसाबाई नवऱ्याला, सदाशिवभाऊंना, सोबतच आणू लागल्या. भाऊ सांगायचे, बाई एकेक अक्षर शोधत लिहायच्या. पण भाऊ मधेच उठून चालू लागत, म्हणून बाईंचा डावा हात कायम त्यांच्या मनगटावर. मग कंट्रोल कोण दाबणार?

बाईंनी भाऊंचंच बोट त्या बटणावर ठेवलं. "हे धरून ठेवा जी, सोडू नका." आणि आपण ओ दाबला. झालं सेव्ह!

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "लगनातबी असंच धरून बसवलं होतं इनं!"

मला इतकं हसू आलं, आणि खरं सांगते, थोडा हेवाही वाटला.

*

परवा मी बाईंना शोधायचं शिकवलं. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून शब्द लिहिला, की तो जिथे असेल तिथे नेऊन सोडतं. बाईंनी एका मासोळीचं नाव, 'मरळ', लिहिलं, सापडली. 'शिंगी' लिहिलं, तीही सापडली. भाऊ लहान मुलासारखे हरखले.

त्या दिवशी त्यांनी बाईंना ओळखलं नव्हतं. म्हणाले, "सारंच सापडते काय वो बाई यात? मंग माह्या तुळसाले धुंड. सकाळपासून दिसून नाही राहिली."

बाईंनी स्वतःचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं.

"काय म्हणते?"

"नाही म्हणते जी."

भाऊ मशीनवर जाम भडकले.

"असं कसं नाही? तिच्याबिगर मी एकबी तलावावर गेलो नाही! लिव वो बाई तू. सगळ्यायच्या वर लिव!"