पाला गाडीत चावायचा

सापाला मी किती भिते म्हणून सांगू? टीव्हीवर साप आला तरी पाय सोफ्यावर घेते. त्यामुळे कॉलेजच्या हॉस्टेलमधली माझी मैत्रीण विमल राठोड इतकी वर्षं "ये न वो आमच्या तांड्यावर" म्हणत होती आणि मी इतकी वर्षं कारणं शोधत होते. कधी मुलाची परीक्षा, कधी उन्हाळा. यंदा तिने थेट माझ्या नवऱ्यालाच फोन लावला. नवरा म्हणाला, "घेऊन जा, परत पाठवायची घाई करू नकोस." दिवाळी झाल्यावर त्याने माझ्या हातात गुडघ्यापर्यंतचे गमबूट ठेवले आणि पुणे स्टेशनवर सोडून आला. बरं, हसत हसत.

जाणाऱ्यांसाठी आधी रस्ता सांगते. पुण्याहून रेल्वेने वर्धा, तिथून एसटीने यवतमाळ, मग वणीकडे जाणारी एसटी धरून मारेगावला उतरायचं. खाजगी बसने थेट यवतमाळला जाता येतं, पण तिकीट रेल्वेपेक्षा बरंच महाग, आणि दिवाळीनंतर तर विचारूच नका. यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल रस्सा ओतताना गाडीवाल्याने विचारलं, "तिखट चालते न?" मी ऐटीत "हो" म्हटलं आणि पुढे करंजी गाव येईपर्यंत नाक पुसत बसले. रस्ता मात्र छान आहे. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्ये मध्ये तुरीच्या ओळी, आणि थंडी नुकती लागलेली. एसटीत शेजारच्या काकांनी, मी कुठली, कोणाकडे चालले, हे सगळं काढून घेतल्यावर विचारलं, "वाघ पाह्याले आल्या काय?" टिपेश्वरच्या वाघांमुळे इकडे बाहेरचा कोणी दिसला की हाच प्रश्न. मी म्हटलं, "नाही हो, मैत्रिणीकडे." काका जरा हिरमुसलेच.

विमल मारेगावात शाळामास्तरीण आहे आणि तिचं माहेर, म्हणजे बंजारा लोकांचा तांडा, तिथून मुकुटबनच्या बाजूला, फाट्यावरून आत. तिचा भाऊ प्रकाश काळी-पिवळी चालवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही इकडची सीटवर भाडं घेणारी जीप. भाडं किरकोळ, माणसं मात्र मोजता येणार नाहीत इतकी बसतात. आरशाला कडुलिंबाचा ताजा जुडगा लटकत होता. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून असेल.

"नजरेचा नाही तो," विमल म्हणाली. "सापाचा हाये."

झालं! मी पाय सीटवर घेतले. प्रकाश आरशातून बघून हसला.

खरी गोष्ट संध्याकाळी कळली, चुलीपुढे. विमलची आई भाकरी थापत होती. तिला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. ठेंगणी, आवाज खणखणीत, आणि तिच्या शब्दापुढे तांड्याचा मुखिया, नाईकसुद्धा बोलत नाही. भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा आणि ती भाकरी! तिसरी भाकर वाढताना याडीने जुडग्याची हकिकत सांगितली.

इकडे पूर्वीपासूनची रीत अशी की, साप चावला की माणसाला कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. पाला कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं. विमलचे वडील शेतात साप चावल्यावर घरी आले तेव्हाही पाला दिला होता. "कडू लागते म्हणे," याडी म्हणाली. "सगळे खुश झाले. मीनं चहा ठेवला. देवळापाशी बसवलं त्याईले. सकाळ काही त्याईनं पाह्यली नाही."

भाकरी थापणारा हात थांबला नव्हता.

मी विचारलं, "मग तो पाला फेकून का नाही दिलात?"

"लोकाईले म्हटलं पाला खोटा हाये, तं कोणी आयकलं नाही. बुढे लोकं भांडाले उठले. मंग मीनं म्हटलं, बरं, पाला खा. पण गाडीत बसून खा. कडू लागो, गोड लागो, गाडी दवाखान्यापाशीच थांबन." याडीने भाकर तव्यावर टाकली. "पाला पाह्यला की माणूस मुकाट्यानं गाडीत बसते. नाहीतं बसत नाही न."

तेव्हापासून तांड्यावर कोणाला काही चावलं की लोक दोनच शब्द ओरडतात, "गाडीम बेस!" म्हणजे गाडीत बस. आणि गाडी तांड्याबाहेर पडली की परत वळवायची नाही, हा प्रकाशला याडीने घातलेला दंडक. मला ही बाई इतकी आवडली की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेलो. गमबूट घालून मी निघाले तेव्हा सगळा तांडा बाहेर येऊन बघत होता. एका आजीबाईंनी विचारलं, "नदीत चालल्या काय?" हसा म्हटलं. पण शेतात पाहिलं तर वेचणाऱ्या बायका जाड कापडी पट्ट्या पायाला गुंडाळून होत्या आणि पुढे काठी आपटत चालत होत्या. म्हणजे माझा नवरा अगदीच वाया गेलेला नाही. कापूस वेचणं फोटोत सोपं दिसतं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलून निघतात. मी ओटीत जेमतेम उशीभर कापूस जमवला, तेवढ्यात याडीचं गाठोडं भरलं होतं. मजा येत होती, खोटं कशाला बोलू! गाणी, टोमणे, माझ्या वेचण्याची नक्कल, सगळं चालू होतं.

दुपारी जेवायला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जमलो. याडी सावलीतलं गाठोडं सरकवायला गेली. काठी आपटली होती तिने, मी स्वतः पाहिलं. पण परड आपटण्याला हलत नाही. घोणसेला इकडे परड म्हणतात. कुकरची शिट्टी सुटावी तसा फुस्स आवाज आला आणि याडीने हात झटकला.

"चावलं वो," ती म्हणाली. बस, एवढंच.

साप मी पाहिला. जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके, धुऱ्याच्या गवतात सावकाश शिरला. इतकी वर्षं ज्याला घाबरत होते तो समोर होता आणि मला त्याच्याकडे बघायलाही वेळ नव्हता. विमलने याडीच्या बोटातली अंगठी काढली, दुपट्ट्याने हात काठीच्या तुकड्याला बांधून गळ्यात अडकवला, आवळला मात्र नाही. कोणी कापलं नाही, चोखलं नाही. "गाडीम बेस!" बायका ओरडल्या आणि त्यांनी याडीला चालू न देता उचलूनच रस्त्यावर आणलं. फोन लागताच निघालेला प्रकाश तोवर पोचला होता.

गाडीत विमलने जुडग्यातला पाला याडीच्या हातात दिला. ती चावू लागली.

"कडू लागते," याडी म्हणाली.

खरं सांगते, मलाही हायसं वाटलं! काल रात्री सगळं ऐकूनसुद्धा. विमलने डोळे मिटले. आणि मग याडी म्हणाली, "प्रकाश, वळव गाडी. चांगला कडू हाये. कापूस उघडा पडला तिकडं, पाव्हणी उपाशी हाये. कायले धावपळ?"

गाडी हळू झाली. आईचा शब्द मोडायची त्याला सवयच नाही.

"भाऊ, थांबू नको," विमल म्हणाली.

"याडी म्हणून राह्यली न…"

"थांबू नको म्हणते न मी!"

"मले काही झालं नाही," याडी म्हणाली. हात मनगटापर्यंत सुजला होता.

मी पाहुणी, मला बोलायचा काय अधिकार? पण राग असा आला की तोंडातून निघूनच गेलं, "याडी, मी उपाशी नाही! आणि काल कोण म्हणालं, कडू लागो, गोड लागो? दुसऱ्यांनाच का तो नियम?"

विमल हळूच म्हणाली, "बाबालेबी कडूच लागलता, याडी."

याडी सुजलेल्या हाताकडे बघत राहिली. मग चघळलेला पाला खिडकीबाहेर थुंकून म्हणाली, "चाल बेटा. जोरात चाल." प्रकाशने जी गाडी हाणली म्हणता!

दवाखाना सरकारी. तरुण डॉक्टरीणबाईंनी याडीचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. "हलवू नका. हे गोठलं तर बरं. नाही गोठलं तर विष भिनलंय." आम्ही तिघं त्या नळीकडे टक लावून बसलो. मी देवाचं नाव घेत होते, प्रकाश भिंतीला टेकून रडत होता. डॉक्टरीणबाईंनी नळी उचलून तिरकी केली.

रक्त पाण्यासारखं वाहिलं.

लगेच सलाईनमधून विषावरचं औषध सुरू झालं. त्याला पैसे पडत नाहीत, हेही लिहून ठेवते, कारण पैशाच्या भीतीने लोक खाजगीच्या नाहीतर भगताच्या दारात वेळ घालवतात. पुढचे काही तास वाईट गेले. याडीला थंडी वाजली, हिरड्यांतून रक्त आलं, हात कोपरापर्यंत फुगला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी तिरकी केली, तेव्हा रक्ताची गोळी तळाशी घट्ट बसून राहिली. विमल माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मीही रडले.

माझं परतीचं रिझर्वेशन मी रद्द केलं. दवाखान्याबाहेरच्या टपरीवरचा चहा आणि गरम आलुबोंडे यांवर आम्ही छान दिवस काढले. तांड्यावरून रोज कोणी ना कोणी डबा घेऊन यायचं, आणि पडलेला कापूसही बायकांनी वेचून घरात नेऊन टाकला होता. याडीला बोलायची ताकद आल्यावर पहिली तक्रार भाकरीची, "कोणं केली? चिवट हाये." तेव्हा आम्हाला खात्री पटली.

एकदा विमल डबा धुवायला गेली असताना याडी मला म्हणाली, "बेटी, त्या वक्ताले मले खरंच वाटलं, वाचली मी. कडू लागलं की लय गोड वाटते मनाले." मग म्हणाली, "त्याईलेबी तसंच वाटलं असन. मी चहा ठेवलता तवा हसून राह्यलते." मी तिचा चांगला हात धरून बसले.

निघताना तिने मला तांड्यावरून गाठोडंभर कापूस मागवून दिला. त्याची उशी केली आहे, मी तिच्यावर डोकं ठेवू देत नाही म्हणून नवरा कुरकुरतो. ज्यांना जायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर जा, गमबूट न्या, लोक हसले तर हसू द्या. काठी आपटा, पण काठीवर विसंबू नका. सापाला मी अजूनही भिते, तो भाग काही सुधारला नाही.

परवा गुढीपाडवा झाला. दरवर्षी मी कडुलिंबाचं एक पान जिभेला लावल्यासारखं करते आणि गूळच जास्त खाते. यंदा चांगली चार पानं चावली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि तांड्यावर फोन लावला.

याडीनेच उचलला. "पाला खाल्ला काय वो?"

"खाल्ला याडी."

"कसा लागला?"

"कडू. फार कडू."

पलीकडून ती खणखणीत हसली.

"मंग बसली काहून घरात? गाडीम बेस!"