हिरव्या ठिपक्यांचे बाळकाका

प्रश्न विचारून व्हायच्या आधीच हात वर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाळकाका. नगरपंचायतीच्या सभागृहात पहिल्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्चीवर ते बसायचे. समोरचा माणूस "आता मी तुम्हाला एक प्रश्न..." एवढं म्हणेपर्यंत त्यांचा उजवा हात वर गेलेला असायचा. प्रश्न काय आहे याच्याशी त्या हाताचा काही संबंध नसे. उत्तरही ठरलेलं होतं: "लोकसहभाग." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, कारण त्या कार्यशाळांमध्ये दुसरं उत्तर क्वचितच अपेक्षित असे.

मी तेव्हा नगरपंचायतीत कंत्राटावर होते. शहरातली एक संस्था आमच्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात येऊन शाश्वत विकासाच्या कार्यशाळा घ्यायची आणि तिला अहवाल इंग्रजीत लागायचे. मी इंग्रजी माध्यमातून शिकलेली, एवढीच माझी पात्रता. कोपऱ्यात बसायचं, कोण काय म्हणालं ते लिहायचं, फोटो काढायचे. बोलावं लागत नसे, म्हणून मला ती नोकरी आवडायची.

हजेरीपट टाइप करताना बाळकाका माझ्या पहिल्यांदा नीट लक्षात आले. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी नोकरी केली होती आणि निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. पण ‘व्यवसाय’ या रकान्यात ते दर वेळी वेगळे असायचे. पाणी वाचवण्याच्या कार्यशाळेत शेतकरी, कारण परसात सुपारीची चार झाडं. मत्स्यव्यवसायाच्या कार्यशाळेत मच्छीमार. त्याबद्दल मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "अगं, रोज खातो ना." महिला सक्षमीकरणाच्या कार्यशाळेत त्यांनी बायकोचं नाव लिहून सही स्वतः केली होती. काकू त्या दिवशी घरी पापड लाटत होत्या.

त्यांचा आवाज मोठा होता आणि माइक हाती आला की तो आणखी मोठा व्हायचा. बस लागल्याची घोषणा करण्यात हयात गेलेली. कुठल्याही विषयावर ते आधी "सर्व उपस्थितांनी इकडे लक्ष द्यावं" म्हणायचे, आणि नकळत सगळे आपापल्या पिशव्या सावरायचे. मला त्यांनी एकदा उपदेश केला होता, "पोरी, तू बोलत नाहीस. फलाटावर उभा राहील त्यालाच गाडी मिळते. मागे बसून पेन चालवणाऱ्याला मिळत नाही." मी हसून मान हलवली आणि मनात म्हटलं, तुम्हाला तरी कुठे जायचंय?

संस्थेचे सर मात्र त्यांच्यावर खूश असायचे. हे सर तरुण होते, खादीचा कुर्ता घालायचे, सगळ्यांना गोल करून बसवायचे आणि खेळ घ्यायचे. आपलं नाव आणि आपल्यासारखं एक झाड सांगा. बाळकाका बुटके आणि गोल, ते दर वेळी "सुपारी. उंच आणि सरळ" म्हणायचे आणि सर टाळ्या वाजवायचे. मग दोऱ्याचा गुंडा. एकाने दुसऱ्याकडे फेकायचा, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, शेवटी मधे जाळं तयार होतं, आणि ते जाळं म्हणजे समाज. आमच्या गावात अर्धी घरं मासेमारीवर जगतात. त्यांना हा माणूस दोऱ्याचं जाळं दाखवत होता. एकदा कोळीवाड्यातल्या चांगुणामावशी आल्या होत्या. त्यांनी बोटातला दोरा सोडला, जाळ्याकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "यातनं तर मांजर बी सुटंल." त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. बाळकाकांना त्यांचा राग आला. "लोकांना काय कळतं? पण लोकांचं ऐकलं पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते एका दमात म्हणायचे, आणि त्यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांच्याकडे कापडी पिशव्यांचा ढीग होता. प्रत्येक कार्यशाळेत एक मिळायची, ते काकूंच्या नावाची दुसरी घ्यायचे. एकदा त्यांच्या घरी सही आणायला गेले तेव्हा पाहिलं, ‘समुद्र वाचवा’मध्ये कांदे होते आणि ‘एकच पृथ्वी’मध्ये चपला. भिंतीवर प्रमाणपत्रं, सगळी एका उंचीवर टांगलेली. त्यांतल्या एकावर त्यांचं नाव चुकीचं पडलं होतं, पण तेही लावलं होतं.

इथवरचं सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग किनारा सुशोभीकरणाची कार्यशाळा झाली.

कोळीवाड्याच्या खाली, वाळूच्या वर, एक मोकळी जागा आहे. तिला खळं म्हणतात. बायका तिथे मासळी वाळवतात: बांबूंच्या दांड्यांवर बोंबील, खाली जाळ्यांवर जवळा. चांगुणामावशींच्या सासूचीही दांडी तिथेच होती. नवरा गेल्यावर मावशींनी दोन मुली या सुक्या मासळीवर वाढवल्या. बोटीला माणूस लागतो, पण मासळी वाळवायला ऊन आणि जागा लागते. त्या दोन गोष्टी त्यांच्याकडे होत्या.

कार्यशाळेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला रस्त्यात थांबवलं. उद्या काय हाय, यायला लागंल काय, असं विचारत होत्या. कार्यशाळा सकाळी अकराला, म्हणजे हिवाळ्यातलं कडक ऊन, बोंबील उलटायची वेळ. मी म्हणाले, "नेहमीचंच असेल, मावशी. दोऱ्याचा खेळ." मला खरंच तसं वाटत होतं. त्या निश्चिंत होऊन गेल्या.

पण त्या दिवशी खेळ नव्हता. सरांनी चार पर्याय आणले होते. खळ्यावर ओटे आणि पाण्याचा नळ, सुरूची लागवड, कचरा वेगळा करायची जागा, आणि खळ्यावरूनच जाणारा, पर्यटकांना फिरायला फरसबंदी रस्ता, बाकं आणि दिव्यांसह. प्रत्येकाला तीन हिरवे ठिपके दिले. जे आवडेल त्या तक्त्यावर चिकटवायचे. पहिले तीन तक्ते हाताने लिहिलेले कागद होते. सभागृहाच्या भिंतीला ओल, चिकटपट्टी धरेना. ते घसरून पडायला लागले, तेव्हा कुणीतरी ते खुर्च्यांच्या पायांना टेकवून जमिनीवर ठेवले. रस्त्याचा तक्ता मात्र फ्लेक्सवर छापून आलेला होता, रंगीत, कडेला भोकं पाडलेला. तो घड्याळाच्या खिळ्याला व्यवस्थित टांगला गेला.

ठिपके लावायच्या आधीच जेवणाची पाकिटं आली. लोकांनी पाकिटं घेतली आणि निघाले. कुणाची रिक्षा उभी होती, कुणाचं दुकान उघडं. जाताना प्रत्येक जण आपली ठिपक्यांची पट्टी बाळकाकांच्या हातात देत होता. काका, आमचे पण लावून टाका. काकांच्या बोटांतून पट्ट्या लोंबत होत्या. मी त्यांचा फोटो काढला. त्यांनी जमिनीवरच्या तक्त्यांकडे एकदा पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहिलं आणि कण्हून पुन्हा सरळ झाले. मग टांगलेल्या तक्त्यापाशी गेले आणि सगळे ठिपके तिथे लावले. एकाखाली एक, ओळीत, तिकिटांवर शिक्के मारावेत तसे. पंधरा-वीस मिनिटं लागली. घाम पुसत मला म्हणाले, "बघ, एकही वाकडा नाही."

मी सरांना सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला, की हे सगळे एकाच माणसाने लावलेत. सर लॅपटॉप बंद करत होते. कोणी लावले यापेक्षा प्रक्रिया झाली हे महत्त्वाचं, असं ते म्हणाले. मी घरी येऊन अहवाल लिहिला. ‘समाजाने एकमुखाने रस्त्याला पसंती दिली’ असं छान इंग्रजीत लिहिलं. पट्ट्या लोंबतानाचा फोटो मी त्यात लावला नाही.

दोन महिन्यांनी खळ्यावर फलक लागला. दांड्या महिन्याभरात काढून घ्याव्यात. हरकती असल्यास सुनावणीस हजर राहावे.

सुनावणीला जिल्ह्याहून एक अधिकारी आल्या. कोळीवाड्यातल्या पंधरा-वीस बायका आल्या, मासळी मुलींवर सोपवून. बाळकाका अर्थातच पहिल्या रांगेत, या वेळी ‘ज्येष्ठ नागरिक’. मी कोपऱ्यात, मांडीवर फाइल. अधिकारीबाईंनी माझ्याच अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं: समाजाचा कौल रस्त्याला आहे.

चांगुणामावशी उभ्या राहिल्या. "कोनचा समाज? आमी काय पान्यात रातो? आमाला कोनी इचारलं?"

बैठक घेतली होती, चाळीसेक लोकांनी मत दिलं होतं, तुम्ही का आला नाहीत, असं अधिकारीबाई शांतपणे म्हणाल्या. चुकीचं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या हातात कागद होता आणि कागद माझा होता. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. दोऱ्याचा खेळ असेल असं कोण म्हणालं होतं, ते त्या बोलल्या नाहीत. माझ्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. मी फाइलीची दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

आणि बाळकाकांचा हात वर गेला. प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"मॅडम, ते ठिपके मी लावले," ते म्हणाले. माइक नसतानाही आवाज मागच्या भिंतीवर जाऊन आपटला.

"तुमचे तीन?"

"सगळे. लोक निघून गेले होते. पण लोकांवाचून लोकसहभाग अडायला नको."

बाईंनी चष्मा काढला. मग सगळे याच तक्त्यावर कसे, असं विचारलं.

"बाकीचे जमिनीवर होते. वाकायला गुडघे देत नाहीत." मग बायकांकडे वळून, समजूत घालावी तसं म्हणाले, "रस्ताही चांगलाच आहे हो. बाकं आहेत त्याला."

आधी एक बाई हसली, मग सगळ्या. मावशी हसल्या नाहीत. "बाळशेट," त्या म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्यापायी आमचं खलं जात व्हतं."

काका तरीही बसले नाहीत. अधिकारी आपल्याशी इतका वेळ बोलतायत याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. बाईंनी अहवाल मिटला. पुढची बैठक खळ्यावरच घ्या, बायका सांगतील त्या वेळी, असा शेरा मारून त्या गेल्या. ती बैठक झाली, तिथे ठिपके नव्हते, आणि रस्ता जुन्या धक्क्याच्या पलीकडे गेला. खळं राहिलं.

संस्थेचे सर पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात गेले. बाळकाका मात्र गावभर सांगत सुटले की खळं त्यांनी वाचवलं. न्हाव्याकडे, बँकेत, देवळाच्या पायऱ्यांवर, डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. सांगताना हळूहळू गुडघे गळून पडले, मग ठिपकेही, आणि शेवटी उरले अन्यायाविरुद्ध भर सभेत एकटे उभे राहिलेले बाळकाका. मला हे ऐकून किळस यायची. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागी उभा राहिला, आणि आता स्वतःच्या चुकीवरही उभा राहून भाषण देत होता.

मागच्या पावसाळ्यात ते गेले. नगरपंचायतीने शोकसभा घेतली, त्याच सभागृहात. एका नगरसेवकाने सांगितलं की कोळी भगिनींचं खळं आज आहे ते केवळ बाळकाकांमुळे. मी शेवटच्या रांगेत होते. शेजारी चांगुणामावशी. त्या सुनावणीला हजर असलेल्या तिथे आम्ही दोघीच, म्हणून मी त्यांच्याकडे पाहून हसले.

त्या हसल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "त्यानं सांगितलं तरी, बाय. फुशारकीत का व्हईना. तुला पन म्हाईत व्हतं ना?"

मी हो म्हणाले.

"मंग?"

उत्तराची वाट न पाहता त्या समोर बघायला लागल्या. तेवढ्यात सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, दोन मिनिटं शांतता पाळायची होती. खुर्च्या सरकल्या, कुणी खोकलं, कुणाचा मोबाइल वाजला. मी मान खाली घालून उभी राहिले. सभागृहात सगळ्यांत नीट गप्प मीच होते. ते मला पहिल्यापासून जमतं.