ताटलीतली देवी

२०१६ साली मी डहाणूला समुद्रकाठच्या एका हॉटेलात ऑफिसचं काम बघत होते. रानशेतकडच्या आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर मीच. हे मी तेव्हा कोणी न विचारताही सांगायचे.

हॉटेलच्या शेठनी चिनी मातीच्या नव्या ताटल्यांवर टाकायला हॉटेलचं चिन्ह करायला घेतलं होतं. मधे ढाल, दोन बाजूंना सिंह, कडेनं चिकूच्या फुलांची वेल.

"सिंह म्हणजे रुबाब, फूल म्हणजे आपली वाडी," शेठ म्हणाले. "ढालीत इथलं काहीतरी पाहिजे."

मी लगेच कागद ओढला आणि आमच्या लग्नाचा चौक, भिंतीवरचं चौकोनी चित्र, उतरवून दिला, आतल्या देवीसकट. चौक कोणी मागितला नव्हता. मी दिला.

कारखान्यातून नमुन्याची ताटली आली, ती मी मिरवत घरी नेली. आमच्यात चौक काढत नाहीत, लिहितात. तोही लग्नघरातल्या भिंतीवर, आणि लग्न झालेल्या बायकांनीच. आईनं कितीतरी लिहिलेत. तिनं ताटली उजेडात धरली.

"ही कुत्री कोणाची?"

"सिंह आहेत, आई."

"असतील." मग तिचं बोट देवीवर थांबलं. "हिला कोणी बोलावलं? लग्न कोणाचं आहे?"

मी ताटली घ्यायला हात पुढे केला. तिनं सोडली नाही.

"हिच्यात वाढणार काय?"

"मासे, कोंबडी. गिऱ्हाईक मागेल ते."

"आणि खरकटं?"

हॉटेलात भांडी घासायला माझी मावशीच होती.

"म्हणजे माझी बहीण रोज देवीचं तोंड काथ्यानं घासणार," आई म्हणाली. "शिकलीस ना? मग सांग जाऊन."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं. ते हसले. "गिऱ्हाइकाला काय कळतंय? त्याला नक्षी दिसते."

"मला कळतं, शेठ. चूक माझी. पण ही देवीच छापायची असेल तर माझ्या जागी दुसरी बघा."

घरात महिन्याचा पगार आणणारी मी एकटी. शेठनी माझा चौकाचा कागद बराच वेळ फिरवून पाहिला, मग कारखान्याला फोन लावला. "थांबवा. ढालीतही फूलच टाका."

त्या फुलांच्या ताटल्या मावशी खसाखसा घासायची.

नमुना मात्र आईनं परत जाऊ दिला नाही. फडक्यात गुंडाळून तांदळाच्या कणगीत ठेवला. २०१९ ला माझं लग्न ठरलं. भिंतीवर चौक लिहून झाल्यावर तिनं ताटली बाहेर काढली, तांदूळ भरून चौकाखाली मांडली आणि म्हणाली, "लेकीनं उगाच बोलावलं होतं तुला. आता बस."