दोन्ही घड्याळं खरी

विमलबाई संशयी आहेत, हे सोनईच्या बाजारातली भाजीवालीसुद्धा सांगेल. त्यांना मात्र तो आपला दोष वाटत नसे. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या दोन एकरांची मोजणी झाली, तेव्हा मोजणीची साखळी धरणाऱ्या माणसाने ती मुद्दाम सैल सोडून जमीन कमी दिली, असं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नवरा रखमाजी त्या दिवशी कुणाला काही बोलला नाही. घरी येऊन जेवला नाही, एवढंच. आता त्यालाही जाऊन चार वर्षं झाली होती.

यंदा शेजारच्या गोरक्षनाथने बांधाची मोजणी मागवली. विमलबाई सकाळपासून बांधावर बसून होत्या. मोजणीला आलेली दीपा साळवे आधी गोरक्षनाथच्या घरी पाणी प्यायली, हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं. तिच्या हातात काठी होती आणि काठीच्या टोकावर टोपीसारखं पांढरं यंत्र.

"साखळी कुठं हाय?"

"साखळीचे दिवस गेले, आजी. आभाळात उपग्रह फिरतात, त्यांच्यात घड्याळं असतात. ती तिथून वेळ पाठवतात. इथं यायला तिला किती उशीर लागला, त्यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. अशी चार-पाच अंतरं जुळवली, की आपण नेमके कुठं उभे आहोत ते निघतं."

विमलबाईंनी यंत्राकडे वर-खाली पाहिलं. "म्हंजे तुमी जमीन न्हाई मोजत. येळ मोजता."

दीपा चमकली. "हो, तसंच म्हणा."

"आन् घड्याळच चुकलं तर?"

दीपाला थाप मारता आली असती. पण ती म्हणाली, "वरचं घड्याळ आपल्यापेक्षा रोज पुढं पळतं. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले अडतीस, एवढंच. म्हणून वर सोडायच्या आधीच त्याची चाल कमी करून ठेवतात. नाही केली, तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक होईल."

"ऐकलंत का, गोरखभाऊ? घड्याळात आधीच हात घालून ठिवलाय!"

"बिघडलेलं नसतं हो ते," दीपा समजावू लागली. "पृथ्वीपासून लांब गेलं, की तिची ओढ कमी होते आणि वेळच भराभर जाते. उपग्रहाच्या वेगाने ती थोडी मंदावतेही, पण एकूण पुढंच राहते. कळसूबाईवर घड्याळ ठेवलं, तर तेही सोनईतल्या घड्याळापुढं जाईल. फक्त इतकं थोडं, की तुम्हाआम्हाला कळणार नाही."

"मंग खरी येळ कोनची? वरची का आपली?"

"दोन्ही खऱ्या. सगळ्यांची मिळून एकच अशी वेळ नसतेच."

"दोनी खरं म्हननारा मानूस दोनीकडचा असतो," विमलबाई म्हणाल्या.

गोरक्षनाथही काही निर्धास्त नव्हता. आडनाव साळवे, विमलबाईंचंच, म्हणजे ही त्यांच्या भावकीतली, निकाल कुठं जाणार ते ठरलेलंच, असं तो दीपाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटला.

विमलबाईंनी घरून टेप आणला. बांधावर दोन खुंट्या ठोकल्या, मधलं अंतर टेपने मोजलं आणि म्हणाल्या, "आता तुमच्या घड्याळाला इचारा." आकडा बोटभर फरकाने जुळला. दुपारी त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. तोच आकडा आला.

दीपा काठी घेऊन बांधावरून चालत गेली. हद्दीच्या दगडापाशी थांबली, परत आली आणि विमलबाईंच्या रानात चार फूट आत उभी राहिली.

"जुन्या नकाशाप्रमाणे हद्द इथं आहे. तो दगड गोरक्षनाथांच्या जमिनीत आहे."

"खोटं हाय! इथं दगूड कुठं हाय?" म्हणत विमलबाईंनी स्वतःच कुदळ घेतली. दीड फुटावर कुदळ खणकन वाजली. माती बाजूला केली, तर खाली जुन्या दगडाचं तुटकं बूड निघालं, चुन्याची खूण अजून अंगावर असलेलं.

विमलबाई खड्ड्याकडे बघत राहिल्या. दगड तोडून चार फूट सरकवणं सोपं काम नव्हतं. ते रखमाजीशिवाय कोण करणार? जन्मभर एका ताटात जेवलेल्या माणसाने हे कधी केलं, आपण तेव्हा कुठं होतो, आणि साखळी खरंच सैल सुटली होती का आपल्यालाच तशी दिसली, यातलं आता काहीच त्यांना खात्रीने सांगता येईना. साऱ्या गावावर संशय घेतला, घरात तेवढा कधी घेतला नाही.

"उंदरा-घुशीनं सरकला आसंल, वैनी," गोरक्षनाथ हळूच म्हणाला.

"घूस दगूड तोडती का? आमच्या मालकाचं काम हाय हे. ल्हिवा बाई, मी सही करते."

दीपाने कागद पुढे केला. सही करण्याआधी विमलबाईंनी तो दोनदा वाचला. चार फुटांच्या त्या पट्ट्यात त्यांनी लावलेले शेवग्याची सहा झाडं होती, सगळी शेंगांनी लगडलेली.

"औंदाच्या शेंगा तुमीच काढा," जाता जाता गोरक्षनाथ म्हणाला.

विमलबाईंनी तो बांध ओलांडून लांब जाऊ दिला. मग दीपाला विचारलं, "ह्यो असं का म्हनला आसंल?"