पेपरातली गंगी

लातूरहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. "आत्या, बाबा गेले..." मी नुसतं "हाव" म्हणाले आणि निवडतच राहिले. माझा थोरला भाऊ गेला, हे हाताला कळलंच नाही. याला आता महिना होत आला.

अण्णा चित्रकलेचा मास्तर. पण आमच्या भागात त्याची खरी ओळख म्हणजे एके काळी रविवारच्या पेपरात येणाऱ्या त्याच्या चार चौकटी, 'हणम्या-गंगी'. खोडी गंगीची, मार हणम्याला, आणि शेवटच्या चौकटीत गंगी कडब्याच्या गंजीआड लपलेली. तो हणमंत, मी गंगा. सगळं आमचंच, आमच्या देवणी गावातलं. शेजारच्या मलप्पाकाकांच्या पांढऱ्याशुभ्र वासराला आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या दुकानातल्या शाईनं ठिपके काढून मी त्याचं आमच्याकडच्या ठिपकेदार 'देवणी' जातीचं वासरू केलं होतं, तेसुद्धा या बाबानं छापलं! सासरी नांदेडला माझी काय शोभा झाली म्हणता... मी आले की नणंदा शाईची दौत लपवायच्या. मी तणतणत लातूर गाठलं. "मेल्या, माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!" तर हा हसून म्हणतो, "गंगे, मार कोणी खाल्ला? मग चित्र बी मीच काढणार की."

पुढं म्हातारपणी त्याला माणसं आठवेनाशी झाली. वैनीलाही ओळखेना. तरी मला वाटायचं, मला कसा विसरेल? बघू तर खरं, म्हणून मी दिवाळीला गेले. जुनी कात्रणं मांडीवर घेऊन बसला होता.

"अण्णा, ओळखलंस का?"

"बसा बाई," तो अदबीनं म्हणाला. "कोणाकडं आलात?"

वैनीनं तोंडाला पदर लावला. मला रडू यायच्या आधी रागच आला. कात्रणावर बोट ठेवून विचारलं, "मग ही कोण?"

त्याचा चेहरा असा फुलला! "ही व्हय? ही गंगी. माझी बहीण." मग जरा पुढं वाकून हळूच म्हणाला, "तुम्ही देवणीकडच्या का? दिसली तर सांगा तिला, आप्पाचा राग गेलाय. कोणी मारणार न्हाई. घरी ये म्हणावं... लई वेळ झाला."

"सांगते," म्हणाले मी.

आप्पा जाऊन किती वर्षं झाली. देवणीचं घर विकलं. आता मला गंगे म्हणणारा तूही गेलास. अण्णा, घरी ये म्हणालास... कुठल्या घरी येऊ रे?