निम्म्या हप्त्याचा भाऊबंद

माझी चुलतबहीण जयश्री नव्याने लायसन्स काढलेल्या पोरापोरींना गाडीचा स्वस्त आणि खरा विमा शोधून देते. सुरतेत भेस्तानला भाड्याच्या खोलीबाहेर एक टेबल, एक प्रिंटर आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एवढंच तिचं ऑफिस. लोक म्हणतात, पोरीने सेवाभावाने काम काढलंय. कसला आलाय सेवाभाव. तिने हा धंदा एका माणसाला बाजारातून उठवायला काढला, आणि त्या माणसाचं नाव घेताना माझ्याही तोंडाला अजून कडू चव येते.

त्याचं नाव वाल्मिक. आमच्याच कुळातला, बापाच्या पिढीचा. शिरपूरकडून आमचे सगळे बाप एकामागोमाग एक सुरतेला आले आणि कापडाच्या लूमवर राबले, तेव्हा तोही आला. लूमवर तो सहा महिने टिकला. हात चालेना, पण जीभ उत्तम चालायची, म्हणून गाड्यांचे विमे काढायला लागला. लग्नात पंगत वाढायला पुढे, मयतीत खांदा द्यायला पुढे, कुणी दवाखान्यात पडलं तर डबा घेऊन हाच हजर. कुळातल्या एकूणएक गाडीचा विमा त्याच्याकडे होता. माझ्या टेम्पोचाही. कागद नीट वाचावा असं आमच्यापैकी एकालाही कधी वाटलं नाही. भाऊबंदाचा कागद वाचून बघणं म्हणजे त्याचा अपमान, अशी आमची रीत.

नवं लायसन्स हातात आलेला पोरगा दिसला की वाल्मिकचा चेहरा काळजीने भरून यायचा. "कोरा ड्रायव्हर म्हटला की कंपनी घाबरते रे. हप्ता सरळ दुप्पट लावते. पण तू घरचा, तुझं मी निम्म्यात बसवतो." आधी दुपटीची भीती, मग निम्म्याचा गूळ. पोरगं पाया पडायचं, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या मोबाइलवर शिक्क्यासकट पॉलिसी यायची.

जयश्रीचा धाकटा भाऊ ललित तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हजीऱ्याला एका कारखान्यात कंत्राटी कामगार. दगाकाकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, आठ वर्षं जुनी एक गाडी स्वतःच्या नावावर घेतली. ललितने लायसन्स काढलं आणि वाल्मिकने त्यालाही निम्म्यात बसवलं. दोन महिन्यांनी भेस्तानच्या चौकात ललितच्या गाडीखाली भिवा नावाचे गृहस्थ आले. गिरणीतून निवृत्त झालेले, सायकलवरून रॉकेलचा स्टोव्ह दुरुस्तीला नेत होते. पाय मांडीतून मोडला. ललित पळाला नाही. त्याने स्वतः त्यांना उचलून दवाखान्यात नेलं, त्यांची बायको सोनाबाई येईपर्यंत बाहेर बसून राहिला, आणि विमा आहे, सगळा खर्च मिळेल, असं त्या माउलीला हात जोडून सांगितलं.

कंपनीने कळवलं की हा पॉलिसी नंबर नवसारीच्या कुणा बाईच्या स्कूटरचा आहे. स्कूटरचा स्वस्त विमा काढायचा, कागदावर नाव, नंबर आणि गाडीचा प्रकार बदलायचा, आणि मधले पैसे खिशात घालायचे, असा तो उद्योग होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. भिवांची भरपाई दगाकाकांच्या अंगावर आली. कोसाडचं घर विकलं आणि ती भरली. पोलिसांनी ललितला दोन दिवस बसवून विचारलं, हा कागद तू कुठे छापलास.

वाल्मिकने काय करावं? तो त्याच आठवड्यात घरोघर गेला आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "मी पोराला खराच दिला होता. त्याने हप्ता परत मागून मोबाइलवर कुठून तरी फुकटात बनवून घेतला. आजकालची पोरं. पण आपलाच आहे, सांभाळून घ्या." व्यवहार रोखीचा, पावती नाही, आणि पॉलिसी ज्या नंबरवरून आली तो बंद. वडीलधाऱ्यांनी दगाकाकांना समजावलं की भाऊबंदावर पोलीस केस करू नये. काकांनी ऐकलं. त्या दिवसापासून ललित कुळात चोर ठरला. लग्नात तो ताटावर बसला की शेजारचा जरा सरकून बसायचा. मी खोटं बोलणार नाही, सरकणाऱ्यांत मीही होतो. वाल्मिक खोटा ठरला तर माझ्या टेम्पोचा कागदही खोटा ठरणार होता, आणि तो विचार मला परवडत नव्हता.

ललितने लायसन्स कपाटात टाकलं. हजीऱ्याची नोकरी सोडली आणि घरात साड्यांना लेस लावत बसला. जेवताना बोलेना, चौकातून चालत जायची वेळ आली तरी लांबच्या गल्लीने जायचा. जयश्री हे रोज बघत होती. एक दिवस ती मला म्हणाली, "दादा, माझा भाऊ चोर नाही हे त्या माणसाच्या तोंडून नाही, तर त्याच्या हातून वदवून घेईन." मी म्हटलं, कसं? ती म्हणाली, "आधी त्याचा धंदा शिकते."

ती दहावी पास होती, तेवढं पुरलं. पंधरा तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि विमा विकायचा परवाना तिच्या हातात. त्या पंधरा तासांत पहिल्याच दिवशी तिला कळलं की दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचा दर सरकार ठरवतं, तो इंजिनाच्या आकारावर असतो, आणि चालवणारा एकोणीसचा की साठचा याच्याशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे दुपटीची भीतीसुद्धा खोटी होती. ती घरी आली, पाणी प्यायली, आणि वही फाटेपर्यंत पेनाने एकच रेघ गिरवत बसली. तिची आई, मालतीकाकू म्हणाल्या, त्या रात्री पोर जेवलीच नाही.

मग तिने वाल्मिकची गिऱ्हाइकं एकेक करून तोडायला सुरुवात केली. ड्रायव्हिंगच्या परीक्षेच्या मैदानाबाहेर सकाळी साडेनऊला उभी. पास होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती वाल्मिकच्या आधी गाठायची. जुनी गाडी असेल तर म्हणायची, हिच्या पत्र्याचा विमा काढून पैसे घालवू नकोस, दुसऱ्याच्या नुकसानीचा आणि स्वतःच्या जिवाचा काढ. नवी असेल तर चार कंपन्यांचे दर समोर मांडायची, आणि छोटा खर्च स्वतः सोसायची तयारी असेल तर हप्ता किती उतरतो ते दाखवायची. शेवटी गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर सरकारी ॲप उघडून गाडीचा नंबर टाकायला लावायची. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. बघ आणि मग जा." बरेच जण हसायचे. ती हसायची नाही.

दोन वर्षांत बाहेरची गिऱ्हाइकं तिच्याकडे आली. कुळातलं मात्र एकही आलं नाही. ॲपवर आमच्या गाड्या बिनविम्याच्या दिसतात असं तिने सांगितलं, तेव्हा वाल्मिक म्हणाला, सर्व्हर मागे असतो, आणि आम्ही मानलं. निम्म्याची चटक लागलेल्या माणसाला सर्व्हरही मागेच हवा असतो.

मग गेल्या आषाढात वाल्मिकचा मुलगा महेश तिच्या टेबलासमोर येऊन बसला. अठरा पूर्ण, आठवड्याचं लायसन्स, बापाने नवी गाडी घेऊन दिलेली. चांगला पोरगा आहे, बापाचा एकही गुण नाही. मी तेव्हा तिथेच झेरॉक्स काढत होतो. जयश्रीने शांतपणे विचारलं, "घरात एजंट असताना माझ्याकडे कसा?"

"पप्पा म्हणतात घरच्या गाडीचा विमा घरात काढायचा नसतो. बाहेरून घे म्हणाले. मित्राने तुमचं नाव सांगितलं."

तिने कागद भरले. गाडी वाल्मिकच्या नावावर, म्हणून ओटीपी त्याच्या मोबाइलवर गेला. महेशने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "पप्पा, ओटीपी आव्यो? बोलो ने."

"कथा शे तू?" वाल्मिकने विचारलं.

"भेस्तानला. जयश्रीताईंकडे."

वाल्मिक म्हणू शकला असता की ऊठ तिथून, घरी ये, मी निम्म्यात करतो. त्याने घसा खाकरला आणि सहाही आकडे सावकाश सांगितले. जयश्रीने ते टाइप केले, पूर्ण हप्ता घेतला, पॉलिसीच्या दोन प्रती काढल्या. एक महेशला दिली आणि एक स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. महेश गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं."

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, कुळातले सगळे भाऊबंद एका घरी जमतात, आणि घरटी जेवढे पुरुष तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू दळायला काढतात. आमच्याकडे हा मान कुळात सगळ्यांत थोरल्या, डिंडोलीच्या रुक्मिणी मोठ्या मायचा. ज्याच्या नावाची मूठ पडली तो कुळातला. त्या दिवशी माय परात घेऊन बसली, आम्ही चाळीसएक माणसं भिंतीला टेकून, आणि वाल्मिक पांढऱ्या शर्टात सगळ्यांत पुढे. माय पहिलं नाव घेणार इतक्यात जयश्री उठली आणि तिने ती प्रत परातीशेजारी ठेवली.

"माय, एक विचारू दे, मग मोज." मग वाल्मिककडे वळून म्हणाली, "नाना, ही महेशची पॉलिसी. पूर्ण हप्त्याची, मी काढलेली. तुम्ही आकडे सांगितलेत तेव्हा गोपालदादा तिथे होता."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

वाल्मिक हसला. "अगं पोरी, घरच्या गाडीचा विमा घरात काढत नाहीत. रीतच आहे."

"मग आम्ही बठ्ठा कोना घरना शेत, नाना?"

मग आम्ही सगळे कुणाच्या घरचे, हे कुळात आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती पुढे म्हणाली, "माझा भाऊ घरचा म्हणून त्याला निम्म्यात दिलात. हे सगळे घरचे म्हणून त्यांना निम्म्यात दिलंत. स्वतःच्या पोराची वेळ आली तेव्हा त्याला निम्म्यातलं का नाही दिलं? त्याच्या गाडीखाली कुणी आलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हाला ठाऊक होतं म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदा वाल्मिकची जीभ चालली नाही. त्याच्याहून वाईट म्हणजे त्याने महेशकडे पाहिलं, आणि महेशला त्या एका नजरेतच सगळं कळलं. पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मायने परात पुढे ओढली आणि नावं घ्यायला लागली. दगा. ललित. ललितचं नाव तिने मोठ्याने, दोनदा घेतलं. माझं घेतलं. वाल्मिकच्या घराशी येऊन ती थांबली. "ज्यानी भाऊबंदले फसाडं, त्यानी मूठ मनी परातमा नही," ती म्हणाली, आणि सरळ महेशचं नाव घेऊन सव्वा मूठ टाकली. वाल्मिक थोडा वेळ उभा राहिला, कुणीतरी थांब म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही. तो चपला घालून जिना उतरला. मी खिडकीतून तो कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिला, आणि मला फार बरं वाटलं. हे सांगायला मला लाज नाही.

त्यानंतर जी झुंबड उडाली ती जयश्रीभोवती. जो तो मोबाइल पुढे करून, माझी बघ, माझी आधी बघ. बत्तीस गाड्यांपैकी एकीचाही विमा खरा निघाला नाही. लोक घामाघूम झाले. जयश्री, आजच काढून दे गं, किती का होईना हप्ता. मीही त्यातच होतो, तिच्या खांद्याशी.

तिने सगळ्यांचे मोबाइल परत केले. मला वाटलं होतं सूड संपला. तो माझ्यापर्यंत अजून यायचाच होता.

"उद्या सकाळी भेस्तानला या," ती म्हणाली. "टेबलावर ललित बसेल. तुम्ही त्याला काय काय म्हणालात ते ज्याचं त्याने त्याला सांगायचं. त्याने हो म्हटलं की मी कागद काढीन."

मी रात्रभर जागा होतो आणि सकाळी टेम्पो घरीच ठेवून, पायी, सगळ्यांच्या आधी पोचलो. ललितने समोरची खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढली. "बस ना दादा," तो म्हणाला, आणि मी किती जवळ बसतो ते बघत राहिला.